बॉक्सिंग शिकायचंय, पण रिंगणात उतरायचं नाही? मग इथून सुरुवात करा

बॉक्सिंगच्या क्लासला नाव घातलेले नवखे महिन्या-दीड महिन्यात गळायला लागतात. बघणाऱ्याला वाटतं, दम पुरत नसेल. पण सुरुवातीला दम कुणाचाच पुरत नाही आणि तो वाढतोही लवकर. खरं घोडं अडतं ते मनगट, खांदा आणि नडगीपाशी. उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात टांगलेल्या बॅगेवर तुटून पडायचं, मनगट दुखावून घ्यायचं, मग आठ दिवस सुट्टी. ते आठ दिवस पुढे काही संपत नाहीत.

तिशी-चाळिशीत पहिल्यांदाच ग्लव्ह्ज घालणाऱ्या, वजन आणि दम यांचं काहीतरी करायला हवं असं वाटणाऱ्या, पण कुणाला मारण्यात किंवा मार खाण्यात रस नसलेल्या माणसासाठी हे लिहितो आहे. पहिले तीन महिने काम दोनच: हात सांभाळणं आणि पायांना वळण लावणं. फटक्यात जोर नंतर येतो. त्याच्या मागे लागावं लागत नाही.

बॉक्सिंगच का?

कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग, ज्युदो, कुस्ती, यातलं काहीही केलंत तरी अंगाला लागेलच. फरक आहे तो घाम यायला किती वेळ लागतो याचा. कराट्यात कातांचा, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकांचा, क्रम पाठ होईपर्यंत बराच काळ जातो. ज्यांना शिस्त आणि पट्ट्यांची चढती पायरी आवडते, त्यांना तेच बरं वाटतं. तायक्वांदो आणि किकबॉक्सिंगमध्ये लाथा आहेत. दिवसभर खुर्चीत बसून आखडलेल्या मांड्या आणि कंबर मोकळी व्हायलाच पहिला महिना लागतो. ज्युदोत आधी पडायला शिकावं लागतं, म्हणजे गादी हवी आणि जोडीदारही हवा. कुस्तीबद्दल काय सांगावं! कोल्हापूरच्या तालमीत घडणारा पोरगा पहाटे उठून जोर-बैठका काढतो, माती खणतो, मग लढत धरतो. आठ तासांची नोकरी करून हे जमवणारे आहेत, पण थोडे.

बॉक्सिंगमध्ये फटके चारच: जॅब, क्रॉस, हूक आणि अपरकट. हात दोनच, आणि सरावाला जोडीदार लागतोच असं नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यापासून अंगातून पाणी निघतं. नीट शिकायला वर्षं लागतात ही गोष्ट वेगळी.

आधी डॉक्टर

रक्तदाब, मधुमेह, छातीत धडधड, आधी कधी निखळलेला खांदा, मानेचं किंवा पाठीचं दुखणं, यातलं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. चाळिशी ओलांडली असेल आणि कित्येक वर्षांत व्यायाम केला नसेल, तर दुखणं नसलं तरी विचारा. इन्सुलिन घेत असाल तर पिशवीत साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि सरांच्या कानावर घालून ठेवा. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल तर बॅग आणि सरांनी हातात धरलेले पॅड खुशाल मारा, पण स्पारिंगच्या, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत खेळण्याच्या, वाटेला जाण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. अशा डोळ्यांत पडदा सुटण्याचा धोका मुळातच जास्त असतो.

जागा कशी पारखायची

आपल्याकडे शिकायच्या जागा साधारण दोन तऱ्हेच्या. एक जुन्या वळणाचे क्लब. पालिकेच्या क्रीडासंकुलात, शाळेच्या हॉलमध्ये, कुठे पत्र्याच्या शेडखाली. फी कमी, ठिगळं लावलेल्या बॅगा, सोबतीला शाळकरी पोरं. शिकवणारे बहुधा स्वतः खेळलेले. पुण्यासारख्या लष्कराच्या गावात सैन्यात बॉक्सिंग करून निवृत्त झालेले सर भेटू शकतात. दुसरे म्हणजे एसी, आरसे आणि गाणी असलेले स्टुडिओ. तिथे फी बरीच जास्त, पण वेळा नोकरदारांना सोयीच्या.

दोन्हीकडे चांगले-वाईट आहेत, म्हणून पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून बघा. नवा माणूस आला की त्याला काय देतात? पहिल्याच दिवशी बॅगेसमोर उभं करत असतील तर उठून या. दोन आठवडे नुसतं पायांचं काम आणि शॅडो, म्हणजे हवेत फटके मारण्याचा सराव, करून घेत असतील तर जागा बरी. हाताला पट्टी न बांधता कुणी बॅग मारत असेल आणि सर बघून न बघितल्यासारखं करत असतील, तर तेही लक्षात ठेवा. सरांनी कुठे प्रशिक्षण घेतलं हे विचारायला लाजू नका. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोर्स केलेला असेल तर ते स्वतःच अभिमानाने सांगतात. कागद नाही म्हणून माणूस वाईट ठरत नाही. पण जो पंधरा जणांच्या घोळक्यात एकाचं कोपर बाहेर पडलेलं टिपतो आणि तिथून ओरडतो, तो खरा शिकवणारा.

काय घ्यायचं, काय नाही

पहिल्या महिन्यात हाताची पट्टी, ग्लव्ह्ज आणि दोरी एवढं पुरे. पट्टीला क्लबात बँडेजच म्हणतात. ती मोठ्यांसाठी साडेचार मीटर लांबीची घ्या. आखूड पट्टी मनगटालाच संपते आणि बोटांची हाडं उघडी पडतात. जोड्या दोन असू द्या, एक धुवायला पडली की दुसरी हाती असते.

ग्लव्ह्जचं माप औंसात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. आकडा जितका मोठा तितकं आतलं पॅडिंग जाड. बॅग आणि पॅडसाठी बहुतेकांना १२ औंस चालतात, अंगाने भारी असाल तर १४. १० औंस हातात हलके आणि छान वाटतात, पण नवख्याच्या मुठीला त्यांचा आधार कमी पडतो. दुकानात ग्लव्ह्ज पट्टी बांधूनच घालून बघा. लेसवाले नकोत, ते बांधायला दुसरा माणूस लागतो. वेल्क्रोवाले घ्या. क्लबातले सार्वजनिक ग्लव्ह्ज मात्र शक्यतो टाळा. त्यात किती जणांचा घाम मुरलाय कुणास ठाऊक.

बॉक्सिंगचे खास बूट लगेच नकोत. फक्त जाड, उशीसारख्या तळव्याचे धावायचे बूट घालून येऊ नका. त्यात टाच वळत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. सपाट तळव्याचे साधे बूट चालतील. अंगठ्या, कडं, मंगळसूत्र, मोठे कानातले घरी ठेवा. नखं कापा.

पट्टी बांधणं

याला पाच मिनिटं लागतात आणि पहिल्या आठवड्यात दहा. ती द्या. मुठीतली हाडं बारीक आहेत. करंगळीमागचं हाड मोडतं, त्याला डॉक्टर मंडळी बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात, आणि ते बहुधा कच्च्या मुठीच्या माणसाचं मोडतं.

बोटं पूर्ण फाकवून हात समोर धरा. पट्टीच्या टोकाचा फासा अंगठ्यात अडकवा आणि पट्टी हाताच्या मागच्या बाजूने मनगटाकडे न्या. तळव्याच्या बाजूने नेलीत तर मूठ वळल्यावर फासा सैल पडतो. मनगटाला तीन वेढे, एकावर एक नाही, थोडे सरकवत. मग तळव्यावरून वर या आणि बोटांच्या मुळाशी जी चार उंच हाडं आहेत त्यांच्यावर तीन वेढे द्या. आता पुन्हा मनगटाशी या. तिथून करंगळी आणि अनामिका यांच्या फटीतून पट्टी ओढून परत मनगटाला. तसंच पुढच्या दोन फटींतून. प्रत्येक वेळी हाताच्या पाठीवर फुली पडत जाते. शेवटी अंगठ्याला एक वेढा, पुन्हा हाडांवर एक-दोन, आणि उरलेली सगळी पट्टी मनगटाला गुंडाळून वेल्क्रो लावा.

मग मूठ वळा. हाताला घट्ट मिठी मारल्यासारखं वाटलं पाहिजे. बोटं उघडल्यावर सैल वाटलं तर चालेल. बोटांना मुंग्या आल्या किंवा टोकं पांढरी पडली तर सोडून पुन्हा बांधा. सर्वात जास्त आधार मनगटाला हवा, आणि नवखे नेमके तिथेच कंजूषी करतात.

मूठ वळताना चार बोटं आत, अंगठा बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर आडवा. अंगठा आत दाबून मारलेला पहिला जोरदार फटका हाच बहुधा शेवटचा. फटका लागायला हवा तो तर्जनी आणि मधलं बोट यांच्या मुळाशी असलेल्या दोन हाडांवर. हाताची पाठ आणि मनगट एका रेषेत. घरी भिंतीला मूठ हलकेच टेकवून अंगाचा भार थोडा थोडा टाकत बघा. मनगट वर-खाली दुमडलं तर रेष चुकली.

पाय

उजव्या हाताने लिहिणारा माणूस डावा पाय पुढे ठेवतो. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, पण एका रेषेत नाहीत. समोरून कुणी ढकललं तरी डगमगू नये आणि बाजूने ढकललं तरीही. मागची टाच जमिनीपासून किंचित उचललेली. गुडघे सैल. हनुवटी खाली, मुठी गालांशी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. आरशात बघा. पहिल्या महिन्यात तुमची उजवी मूठ सारखी छातीपर्यंत घसरणार आहे, आणि सर दर दोन मिनिटांनी "हात वर!" ओरडणार आहेत.

चालण्याचा नियम एकच: ज्या दिशेला जायचं त्या बाजूचं पाऊल आधी. पुढे जायचं तर पुढचा पाय, मागे तर मागचा, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा. दुसरं पाऊल तितकंच सरकतं. पाय एकमेकांना ओलांडत नाहीत आणि जवळही येत नाहीत. ऐकायला पोरखेळ वाटतो. दोन मिनिटं न थांबता करून बघा, पोटऱ्या सांगतील.

चार फटके

सरळ जॅब आधी, आणि पुरते दोन आठवडे जॅबच. पुढचा हात गालापासून सरळ सुटतो, खांदा हनुवटीपर्यंत वर येतो, शेवटच्या क्षणी मूठ वळून तळवा खाली होतो. गेला त्याच वाटेने हात परत गालाशी. परत येण्याचा वेग जाण्याइतकाच. नवखा माणूस हात लांबवतो आणि मग तो कमरेवरून गोल फिरवत आणतो. कोपर शेवटपर्यंत ताठ करून झटका देऊ नका. हवेत मारताना तर मुळीच नाही, कारण तिथे थांबवायला बॅग नसते आणि सगळा हिसका कोपराच्या सांध्याला बसतो. प्रत्येक फटक्याबरोबर नाकातोंडातून छोटा फुसकारा सोडा. श्वास रोखून मारणारे तिसऱ्या मिनिटाला गुडघ्यांवर हात टेकून उभे असतात.

क्रॉस मागच्या हाताचा. इथे हात हे फक्त टोक. मागची टाच बाहेर वळते, कंबर वळते, त्यामागून खांदा, आणि शेवटी मूठ. टाच न वळवता क्रॉस मारला तर जोर खांद्यातूनच काढावा लागतो, आणि महिन्याभरात खांदा तक्रार करतो.

हूक (बाजूने येणारा) आणि अपरकट (खालून वर जाणारा) दुसऱ्या महिन्यात. हूकमध्ये कोपर साधारण काटकोनात, आणि मूठ कोपराच्या पातळीत. याच फटक्याला मनगटं सर्वात जास्त मुरगळतात, म्हणून आठवडाभर फक्त पॅडवर, हलका. क्लबात फटक्यांना आकडे असतात. जॅब एक, क्रॉस दोन, पुढचा हूक तीन. सर "एक-दोन-तीन" म्हणाले की तुम्हाला विचार करायला वेळ नसतो. ऑफिसातून डोक्यात आणलेलं सगळं त्या पाऊण तासात सुटतं, हे मला या व्यायामाचं सर्वात मोठं देणं वाटतं.

आठवडा कसा बांधायचा

तीन दिवस, एकाआड एक. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा व्यायाम सांगते. आपल्या तासाभराच्या क्लासात खरं दमवणारं २५-३० मिनिटांचंच असतं. तीन दिवसांत हिशेब बरोबर बसतो.

तासाची रचना साधारण अशी. दहा मिनिटं अंग मोकळं करणं: मान, खांदे, कंबर, घोटे. मग दोरी. दोरीच्या मधोमध उभं राहून टोकं वर ओढली की मुठी काखेपर्यंत आल्या पाहिजेत, ती तुमची लांबी. उडी फक्त दोरी निघून जाईल एवढीच. अर्धा मिनिट उड्या, अर्धा मिनिट थांबा, असे सहा-आठ फेरे पहिल्या पंधरवड्यात भरपूर झाले. फरशीवर किंवा सिमेंटवर उड्या मारू नका, नडग्या धरतात. लाकडी जमीन, मॅट किंवा चोपलेली माती बरी.

पुढे आरशासमोर शॅडो, तीन राउंड. तीन मिनिटं लढायचं आणि एक मिनिट थांबायचं ही विभागणी १८६७च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आली आहे. आपण दोन मिनिटांवर सुरुवात करू. बॅग किंवा पॅड आणखी तीन राउंड, निम्म्या जोराने. विश्रांतीच्या मिनिटात तुम्हाला एक सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर पुढचा राउंड हळू. शेवटी बैठका, जोर आणि पोटाचा व्यायाम. आपला जोर इथे फार कामाला येतो. खांदा, छाती आणि पाठ एकाच वेळी काम करतात, नुसत्या पुशअपपेक्षा जास्त. सुरुवात पाच-सातपासून.

दुसऱ्या महिन्यात एक राउंड वाढवा. तिसऱ्यात दोनाची तीन मिनिटं करा. एकाच आठवड्यात दोन्ही वाढवू नका.

बॅगेवर आवाज ऐका. चांगला फटका छोटा, कोरडा वाजतो आणि बॅग जागच्या जागी थरथरते. बॅग लांब झोके घ्यायला लागली तर तुम्ही मारत नाही, ढकलत आहात. आपल्याकडच्या बॅगांत बहुधा चिंध्या भरलेल्या असतात आणि काळाने त्या तळाशी बसतात, त्यामुळे खालचा भाग दगडासारखा होतो. तिथे मारू नका. घरी वाळू भरून बॅग करायचा बेत असेल तर सोडून द्या. पंख्याच्या हुकाला बॅग टांगण्याचा तर विचारही नको. तो हुक लटकणारं वजन धरण्यासाठी असतो, हिसके सोसण्यासाठी नव्हे.

आणि प्लॅस्टिकचं जॅकेट घालून दोरी मारणारे दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. काट्यावर कमी दिसतं ते पाणी. दोन ग्लास प्यायलात की परत आलं. एप्रिल-मे मध्ये विदर्भात किंवा मराठवाड्यात हा प्रकार सरळ धोक्याचा आहे.

काय दुखणं ठीक, काय नाही

पोटऱ्या, दंडाची मागची बाजू, पोटाच्या कडा दुखतील. दोन-तीन दिवसांत जातील, आणि हलकं चालल्याने लवकर जातील. सांध्यात सुई टोचल्यासारखं दुखलं, मूठ वळताना एकाच हाडावर दाबून कळ आली, किंवा सूज दुसऱ्या दिवशीही उतरली नाही, तर बॅग बंद आणि डॉक्टर. तोपर्यंत पायांचं काम चालू ठेवता येतं, म्हणजे सवय मोडत नाही.

खाणं: पोटभर जेवण आणि क्लास यांत दोन-अडीच तास. संध्याकाळचा क्लास असेल तर तासभर आधी एक केळं पुरतं.

पावसाळ्यात ग्लव्ह्ज पिशवीत बंद ठेवले की आठवड्यात वास धरतो, मग बुरशी. घरी आल्या आल्या बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पंख्याखाली ठेवा. उन्हात ताटकळत ठेवले की कातडं तडकतं. पट्टी प्रत्येक वेळी धुवा. यात हयगय केलीत तर रिंगणात कुणी जोडीदार मिळायचा नाही.

बायकांनी विचारलेलं

"हात पुरुषासारखे होतील का?" नाही. आठवड्यात तीन तास बॅग मारून तसे स्नायू होत नसतात. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं आणि मेरी कोमने तिथे कांस्य आणलं. निखत झरीन २०२२ आणि २०२३मध्ये विश्वविजेती झाली. आज क्लबात मुली नवलाच्या राहिलेल्या नाहीत, पण काही ठिकाणी अजून बदलायला धड खोली नसते. बघायला जाल तेव्हा तेही बघून या. पाळीच्या दिवसांत जमेल तेवढं करा. गरोदर असाल तर बॅग आणि दोरी दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

स्पारिंग

तीनेक महिन्यांनी कुणीतरी म्हणेल, "चला, आज दोन राउंड खेळू." नाही म्हणायला पूर्ण मोकळीक आहे. फिटनेससाठी आलेल्या माणसाला स्पारिंगवाचून काही अडत नाही, आणि जी जागा त्यासाठी टोमणे मारते ती जागा सोडलेली बरी.

हौस असलीच तर सोळा औंसांचे ग्लव्ह्ज, हेडगार्ड, गमशील्ड, पुरुषांनी जांघेचा गार्ड. गमशील्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबून स्वतःच्या मापाचं करून घ्यायचं असतं. पाकिटातून काढून तसंच तोंडात घालू नका. सुरुवातीला दोघांनी फक्त जॅब खेळायचा, सर रिंगणात, वजनात फार फरक नको. हेडगार्ड घातला म्हणून डोकं वाचलं असं समजू नका. तो कापण्या-खरचटण्यापासून वाचवतो, आत मेंदू हलतो तो हलतोच. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३मध्ये पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढला तेव्हा हा वाद बराच गाजला होता.

डोक्याला लागल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, प्रकाश नकोसा झाला, मगाशी काय झालं ते आठवेना, तर त्या दिवशी पुन्हा रिंगणात जायचं नाही, "आता बरं वाटतंय" म्हटलं तरी नाही. गाडी चालवत घरी जायचं नाही, घरी एकटं राहायचं नाही. उलट्या होऊ लागल्या, डोकेदुखी वाढत गेली किंवा गुंगी येऊ लागली तर रात्र आहे म्हणून थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. एवढं झालं नाही तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, आणि त्यांनी सांगेपर्यंत दोरीसुद्धा बंद.